शनीचा डावा कान

आधीच सांगून टाकते. धाकूकाकांचं एक चित्र मी बिघडवलं. मुद्दाम नाही म्हणावं तर झोपेतही नव्हते. चांगली जागी होते, हातात पेन्सिल होती आणि अक्कल तेवढी गहाण पडली होती. हे वाचून ज्यांना माझ्या दुकानात कागद द्यायचे नसतील त्यांनी खुशाल देऊ नयेत. मला राग येणार नाही. रागवायचा हक्क मी नोव्हेंबरातच घालवून बसलेय.

विक्रोळीला कन्नमवार नगरात माझं दुकान आहे. झेरॉक्स, स्कॅन, स्पायरल बाइंडिंग, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर या दुकानावरच चालतं. अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी एक गृहस्थ अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून बघायला लागले. मी डबा खात होते. “चारला या,” मी आतूनच खेकसले. चारच्या ठोक्याला परत हजर. इस्त्रीचा सदरा, पायात रबरी चपला, काखेत दोनशे पानी वही. वही उघडून माझ्यासमोर ठेवली तर पानापानावर पेन्सिलीनं काढलेले गोल, त्यांच्यात आडवे पट्टे, बाजूला तारीख-वेळ.

“हे काय हो काका? घावणे?”

“गुरू,” ते म्हणाले. “आकाशातलो. गच्चीर दुर्बीण लावन बघतंय आणि काढतंय. परदेशात एक संस्था आसा, ती अशी चित्रां मागता. माका इंग्रजी येणा नाय, कॉम्प्युटर येणा नाय. तुका दोन्ही येतत असा बोर्डार लिवलेला आसा.”

बोर्डावर खरंच तसं लिहिलं होतं. तेव्हा माझी पंचाईत झाली, कारण इंग्रजी मला बोर्डापुरतंच येत होतं. पण नाही म्हणायची सवय नाही. डिक्शनरी उघडून, घाम पुसत, मी त्यांचा पहिला फॉर्म भरून पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं की चित्र मिळालं, नोंदीत घेतलं, आणखी पाठवा. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच परत घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवसापासून महिन्यातून दोनदा ते यायचे. मी स्कॅन करायचे, ते मालवणीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे. हळूहळू मला त्या कामाची गोडी लागली. खरं म्हणजे मिजास चढली. आमच्या विक्रोळीच्या काकांची चित्रं परदेशात जातात आणि ती माझ्या मशीनमधून जातात, हे मी गिऱ्हाइकांना विचारल्याशिवाय सांगायचे.

काकांचं पूर्ण नाव धाकू राऊळ. गाव वेंगुर्ल्याकडचं. घरात सगळ्यांत धाकटे म्हणून धाकू, आणि शाळेत घालताना मास्तरांनी दुसरं नाव विचारलंच नाही. वडील लालबागला गिरणीत होते. काका अठराव्या वर्षी विक्रोळीच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथल्याच टूलरूममधून रिटायर झाले. चाळीस वर्षं लोखंड घासलं. त्यामुळे दुर्बिणीचा आरसा विकत घ्यायचा सोडून त्यांनी तोही स्वतःच घासला. सहा इंची काच, खाली दुसरी काच, मधे ओली पूड, आणि तेलाच्या रिकाम्या पिंपाभोवती गोल गोल फिरत चार महिने घासकाम. तेही चाळीच्या कॉमन गॅलरीत. प्रेमाकाकू अजून सांगतात, “शेजारणी विचारायच्या, तुमचे मिस्टर रोज एवढा मसाला कोणासाठी वाटतात? मी काय सांगणार, कपाळ? सांगायचे, शनीसाठी. त्या हात जोडायच्या.”

मला एकदा त्यांनी गच्चीवर बोलावलं होतं. संध्याकाळचे साडेसात. खाली हायवेचा आवाज, वर टाक्या आणि डिशच्या छत्र्या, आणि त्यांच्यामधे पीव्हीसीच्या जाड पाइपची ती दुर्बीण. मला वाटलं होतं फोटोत असतात तसे गुरूवरचे रंगीत पट्टे दिसतील. दिसला काय, तर थरथरणारा वाटाणा. “एवढंच?” माझ्या तोंडून गेलंच. काका हसले. म्हणाले, आता दहा मिनिटं नुसती बघ, पेन्सिल धरायची नाही. हवा क्षणभर थांबते, तेव्हा एक पट्टा दिसतो, परत जातो. मग दुसरा. पाचव्या मिनिटाला माझी मान दुखायला लागली आणि मी उठले. हा माणूस असा तासतासभर बसायचा, तीस वर्षं.

त्यांचे नियम तीनच होते आणि ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवले होते की मी चिडवायला त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. जा दिसला ता काढूचा, जा दिसूक व्हया ता नाय. गच्चीरसून खाली उतारलो की पेन्सिल बंद. मग त्या चित्राला स्वतःच्या हातानंही शिवायचं नाही. आणि तिसरा असा, की आठवण आणि कागद यांचं भांडण झालं तर कागद खरा. “माणूस इसारता गो,” ते म्हणायचे. “कागद इसरणा नाय.”

आता शनीचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरून. शनीभोवतीचं कडं आपल्याला कधी उघडं दिसतं, कधी मिटलेलं. साधारण पंधरा वर्षांतून एकदा ते आपल्याकडे धार करून उभं राहतं. चपाती डोळ्यांसमोर आडवी धरावी तसं. मग नुसती एक रेघ उरते, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. आमच्याकडे मुलुंडला आकाश बघणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, तिथे त्या दोन बाजूंना कान म्हणतात. काकांनी १९९५ साली हे पहिल्यांदा काढलं, उसन्या दुर्बिणीनं. मग २००९ च्या जानेवारीत स्वतःच्या. आणि आता २०२५. मार्चमध्ये कडं आडवं झालं होतं, पण तेव्हा शनी सूर्यालगत, दिसायची सोय नाही. नोव्हेंबरात ते पुन्हा मिटत जाणार होतं आणि तेवीस तारखेला सगळ्यांत बारीक होणार होतं. त्यानंतर थेट २०३८. काका सत्तरीचे. हिशेब त्यांनी कधी तोंडानं केला नाही, पण तेवीस नोव्हेंबर ही तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लाल पेननं होती आणि ते कॅलेंडर देवघरातल्या घंटेच्या वरच टांगलेलं होतं.

त्या वर्षासाठी मी त्यांना खास वही करून दिली होती. प्रत्येक पानावर थोडा चपटा गोळा छापलेला, खाली वेळ, हवा, भिंग यांच्या चौकटी, स्पायरल माझंच. कडं तेवढं त्यांनी काढायचं. एवढं झकास काम मी कुणाच्या लग्नाच्या पत्रिकेतही केलं नव्हतं.

मधेच जुलैमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजवा म्हणजे दुर्बिणीला लावायचा डोळा. काकू मागे लागल्या की ऑपरेशन करून टाका. काका म्हणाले, डिसेंबरात. अजून दिसतंय, आणि तेवीस तारीख झाल्याशिवाय मी डोळ्याला कुणाचा हात लावू देणार नाही. त्यावरून घरात रोज तोंडातोंडी. काकू मला दुकानात येऊन सांगायच्या, “समजाव ना गं तू तरी! तुझं ऐकतात.” मी म्हणायचे, बघते. समजावलं काहीच नाही. मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा शिरला, की काकांना आता नीट दिसत नाही.

सहा नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, काकांनी शनी काढला. सात तारखेला सकाळी वही घेऊन आले. दुकानात ही झुंबड! कॉलेजच्या पोरांचे फॉर्म, सर्व्हर डाउन, त्यात एक बाई आधार कार्डावर नवऱ्याचं नाव चुकलंय म्हणून माझ्याच नावानं शिमगा करत होती. एरवी काका शेजारी बसून सगळं सांगायचे, पण त्या दिवशी गर्दी बघून म्हणाले, “जा काय दिसला ता कागदार आसा. सवडीन धाड.” आणि गेले.

दुपारी शटर अर्धं ओढून मी वही उघडली. गोळा. उजव्या बाजूला पेन्सिलीची बारीक सरळ रेघ, बाहेर आलेली. डाव्या बाजूला काही नाही.

काही म्हणजे काहीच नाही. शनीला एकच कान.

मागचं पान उलटलं. पंधरा दिवसांपूर्वीच्या चित्रात दोन्ही बाजूंना रेघ होती, सारख्या लांबीची. मी मनात म्हटलं, झालं, वाट लागली. डोळा गेला काकांचा. कड्याची एक बाजू आहे म्हटल्यावर दुसरी असणारच ना, यार! बशीला काय एकच कड असते? हे असं पाठवलं तर तिकडचे लोक हसतील. अकरा वर्षांचं नाव जाईल. आणि खरं लिहायचं तर त्यांच्या नावाबरोबर माझ्या मिजाशीचंही काहीतरी जाणार होतं.

आमच्या धंद्यात पुसट कागद आला की हात शिवशिवतात. जुन्या दाखल्याची उडालेली चौकट, घराच्या नकाशातली तुटलेली भिंत. काचेवर ठेवण्याआधी आम्ही पेननं जोडून देतो. गिऱ्हाईक खूश, कुणाचं काही बिघडत नाही. अकरा वर्षांत काकांच्या चित्राला मात्र मी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. पेन्सिल घेतली, पट्टी घेतली, डावीकडे उजवीइतकीच रेघ ओढली. मग ती जरा जास्त काळी झाली म्हणून उजवीवरूनही एकदा पेन्सिल फिरवली, म्हणजे दोन्ही एका हातच्या दिसतील. दहा सेकंदांचं काम. वर फुंकर मारली, स्कॅन केलं, पाठवून दिलं. डबा उघडून जेवले आणि मला बरंही वाटलं. म्हाताऱ्याची लाज राखली म्हणून.

तेरा तारखेला परदेशातल्या संस्थेची मेल आली. तिथले शनीचं काम बघणारे गृहस्थ फार सभ्यपणे लिहितात. त्यांनी लिहिलं होतं की सहा नोव्हेंबरला त्याच सुमारास तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन जणांनी शनी काढलाय आणि तिघांनाही एका बाजूची रेघ दिसली नाही. कड्याच्या दोन बाजू अशा वेळी सारख्या उजळ दिसतीलच असं नाही. फक्त श्री. राऊळ यांच्या चित्रात दोन्ही बाजू सारख्या आहेत. श्री. राऊळ यांच्या नजरेवर आमचा अकरा वर्षांचा भरवसा आहे, तरी त्यांनी मूळ कागद एकदा तपासून कळवावं. मेल ग्रुपच्या प्रबुद्धलाही गेली होती. प्रबुद्ध म्हणजे मुलुंडच्या ग्रुपचा सगळा कारभार बघणारा. एका कॉलेजात शिकवतो, मनानं चांगला, पण तोंडात तीळ भिजत नाही.

 म्हणजे काकांना बरोबर दिसलं होतं. मोतीबिंदूच्या डोळ्यानं, विक्रोळीच्या धुरातून, काकांनी ते पकडलं होतं. आणि मी पट्टी लावून ते पुसलं होतं.

काका दुकानात आले तेव्हा मी मेल वाचून दाखवली. सगळी वाचली, एक शब्द गाळला नाही. गाळलं ते फक्त माझं. दुकानात चार माणसं होती, तेवढा बहाणा मला पुरला. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. “बरोबर आसा त्यांचा,” ते म्हणाले. “डावीकडे माका काय दिसला नाय. मी काढूकच नाय. तुया चुकीचा पान धाडलंस काय?”

मी म्हटलं, “नाही हो, तेच पान.”

वही मी सात तारखेलाच परत दिली होती. “वही बघतंय,” म्हणाले आणि घरी गेले.

संध्याकाळी परत आले. वही छातीशी धरलेली. काउंटरवर ठेवली, पान उघडलं, त्या डाव्या रेघेवर बोट ठेवलं. “आसा,” म्हणाले. “आसा गो. मीच काढलंय.” मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. “डोळ्यान बघूक नाय आणि हातान काढल्यान. आधी कधी असा झाला नव्हता.”

तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. मी आणि काका. नुसतं तोंड उघडायचं होतं.  मी म्हटलं काय, तर “होतं हो काका असं कधीकधी.” होतं असं कधीकधी! ते वाक्य आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सोळा तारखेला रविवारी मुलुंडला, एका शाळेच्या वर्गात, ग्रुपची महिन्याची बैठक होती. वीस-बावीस माणसं, पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली. मी तिसऱ्या रांगेत. प्रबुद्धनं विषय काढायच्या आधीच काका उभे राहिले. इस्त्रीचा सदरा. बोलताना त्यांनी मालवणी सोडून शुद्ध बोलायचा प्रयत्न केला, कारखान्यात साहेबांशी बोलायचे तसा.

“सहा तारखेला मी जे चित्र काढलं ते खोटं आहे,” काका म्हणाले. “मला डावीकडे रेघ दिसली नाही, तरी कागदावर आहे. म्हणजे ती मी मनानं काढली. तुम्हाला मी नेहमी सांगत आलो, दिसेल तेच काढा. मीच ते केलं नाही. मागची किती चित्रं अशी काढली असतील, मला माहीत नाही. माफी मागतो. ते चित्र रद्द करा, चूक बघणाऱ्याची आहे असं कळवा. यापुढे मी पाठवणार नाही.”

 मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, एवढ्या प्रामाणिक माणसाला वाजवाव्यात म्हणून, आणि सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात ना, मला ते त्या बाकावर कळलं. पण धरणी कशाला घेतेय, तिला काय दुसरी कामं नाहीत?

येताना बसमध्ये आम्ही शेजारी होतो. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आरसो काढलंय. डब्यात भरून ठेवलंय.” भांडुप गेलं, कांजूर गेलं, मी मूग गिळून बसले.

तीन रात्री झोप नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी दुकानात नुसतं ‘काका’ म्हटलं तरी मी दचकायचे. एकोणीस तारखेला ठरवलं, आज सांगायचंच. अजून चार दिवस आहेत, आरसा परत बसवता येईल, तेवीस तारीख हातात आहे. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दार प्रेमाकाकूंनी उघडलं आणि मला अक्षरशः मिठी मारली.

“अगं तयार झाले! उद्या ऑपरेशन! पाच महिने मी घसा फोडला, आणि ती एक चूक झाली नि गडी स्वतःहून म्हणाला, डोळा खोटं बघायला लागलाय, काढून टाका. बरं झालं बाई चूक झाली ती. देवानंच करवली.”

आत काका पलंगावर बसून अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होते. मला बघून म्हणाले, “ये गो.” काकू चहा टाकायला गेल्या. आणि मी काय विचार केला सांगू? मी विचार केला की ऑपरेशन होतंय ते चांगलंच होतंय. आता सांगितलं तर माघार घेतील, डोळा आणखी बिघडेल. आधी डोळा होऊ दे, मग सांगू. किती समजूतदार मी, नाही का? स्वतःची कातडी वाचवायची असली की माणसाला दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी लगेच वाटायला लागते. चहा पिऊन, “सगळं चांगलं होईल” म्हणून, मी घरी आले.

वीसला ऑपरेशन झालं. उत्तम झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, धूळ नको, पंधरा दिवस जिने चढायचे नाहीत.

तेवीस नोव्हेंबर, रविवार. दुकान बंद होतं. संध्याकाळी सातला मी आमच्या खिडकीतून पाहिलं तर आकाश धुऊन काढल्यासारखं, इतकं स्वच्छ की विक्रोळीत असं वर्षातून चारदा होत असेल. शनी वर होता, साध्या डोळ्यांनीही दिसत होता. मी चपला घातल्या आणि गेले.

काका अंधारात बसले होते. डोळ्यावर पारदर्शक झाकण, वर काळा चष्मा. स्वयंपाकघरात काकू बांगडे तळत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. पट्टी, पेन्सिल, दहा सेकंद, मेल वाचताना गप्प बसले ते, बसमध्ये गप्प बसले ते, बुधवारी येऊन चहा पिऊन गेले ते. सगळं. रडू येत होतं, पण रडण्याचीही लाज वाटत होती, म्हणून फक्त बोलत राहिले.

 मला वाटलं काका आता ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी. दोन लगावल्या असत्या तरी मी गाल पुढे केला असता.

“म्हंजे,” ते हळूच म्हणाले, “डावीकडे मी रेघ काढूक नाय?”

“नाही काका.”

“म्हंजे माझो डोळो बरो होतो?”

“बरा होता. तुम्हाला बरोबर दिसलं होतं.”

आणि ते हसले. खरंच सांगते, त्या माणसाचं तोंड उजळलं. दोन्ही हात मांडीवर आपटून म्हणाले, “मी म्हटलंय! मी म्हटलंय माका दिसूक नाय म्हणान!” त्या दहा दिवसांत हा माणूस तीस वर्षांची सगळी चित्रं मनात एकेक करून फाडत बसला असणार, आणि आता ती त्याला परत मिळाली. त्यांचा तो आनंद बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावले असते तर निदान मला रडता आलं असतं.

मग ते थांबले. मान वर करून छताकडे बघितलं, जणू त्याच्या पलीकडे गच्ची, गच्चीच्या पलीकडे शनी. आज तेवीस तारीख, हे मी सांगायची गरज नव्हती. चार मजले जिने, आरसा डब्यात, डोळ्यावर झाकण. “चुकला ता चुकला,” एवढंच म्हणाले.

“काका, मी आत्ता मेल लिहिते,” मी म्हटलं. “माझ्या नावानं. चित्र मी बिघडवलं, तुमचं बरोबर होतं म्हणून. आणि पुढच्या बैठकीत उभी राहून सगळ्यांसमोर सांगते.”

स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, “कोण आलंय?” काकांनी आवाज खाली आणला.

“सांगा नको,” ते म्हणाले. “कोणाक सांगा नको. हिकासुदा नाय.”

“का?”

“प्रबुद्धाक कळला म्हंजे साऱ्या विक्रोळीक कळला. तुझ्या दुकानात लोक काय आणतत? दाखले, घराचे कागद, पोरांची सर्टिफिकेटां. तू कागदार रेघ वाढवतंस असा एकदा लोकांक कळला तर उद्या तुझ्या हातात कागद कोण देतलो? घर चलता तुझा त्याच्यार.” मग माझ्या आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडे वळून म्हणाले, “माझा काय, मी म्हातारो. म्हाताऱ्याची चूक झाली तर लोक माफ करतत.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मला नाही म्हणायची सवय नाही, हे मी अकरा वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आलेय. मी हो म्हटलं. काकूंनी बशीत तळलेला बांगडा आणून दिला, आणि मी तो खाल्लासुद्धा.

पंधरा दिवसांनी काका गच्चीवर गेले, आरसा बसवला, पण वाकायला मनाई होती. महिना भरला तोवर रेघ जाड व्हायला लागली होती. त्या वर्षाच्या नोंदीत श्री. राऊळ यांचं नोव्हेंबरचं एकही चित्र नाही. सहा तारखेचं होतं ते ‘बघणाऱ्याची चूक’ म्हणून रद्द झालं.

डिसेंबरच्या बैठकीला काका नव्या चष्म्यात आले. सगळ्यांना आनंद झाला. प्रबुद्धनं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाला, “काका, आता नवा डोळा मिळालाय, आता शनीला जास्तीचे कान काढू नका हं!” सगळा वर्ग हसला. धाकूकाकाही मान हलवत हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. आणि मी, तिसऱ्या रांगेत बसून, सगळ्यांच्या बरोबरीनं हसले.